विश्लेषण : ऑनलाइन जुगारात अडकलेली मुलं ‘स्वभावानंच तशी’ असतात का?

ऑगस्ट २०२५ मध्ये एक कायदा संसदेतून फार वेगानं पार पडला. २० तारखेला लोकसभेत विधेयक मांडलं गेलं आणि त्याच दिवशी मंजूरही झालं. २१ ला राज्यसभेनं होकार दिला, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. ड्रीम इलेव्हन, एमपीएल, झुपी यांसारख्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नावही उतरलं.

अशा खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. ॲप बंद झालं की पैसे जाणं थांबेल, ही त्यामागची अपेक्षा. पण ज्यांना आधीच चटक लागली आहे, त्यांचं काय? ज्याच्यावर कर्ज झालंय, ज्यानं फीचे पैसे उडवलेत, घरात खोटं बोलून झालंय, त्या मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल घरात आणि गावात एकच वाक्य ऐकू येतं : ‘स्वभावच तसा आहे त्याचा.’

हे वाक्य कितपत खरं आहे? जुगाराचं व्यसन आणि व्यक्तिमत्त्व विकार यांचा संबंध नक्की आहे. पण लोक समजतात तसा तो सरळ नाही, आणि तो नीट समजला नाही तर उपचारही चुकतात.

नव्या कायद्यानं काय बंद झालं?

खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, या वादात हा कायदा पडत नाही. जिंकण्याच्या आशेनं पैसे भरायचे असतील, तर तो ‘ऑनलाइन मनी गेम’ आणि त्यावर बंदी. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्यांनाही शिक्षा आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे खेळ मात्र सुरू राहू शकतात.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कायदा त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून पाहत नाही. कंपन्यांनी या कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या याचिका स्वतःकडे घेतल्या.

सवय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

दिवाळीत पत्ते कुटणारा किंवा मित्रांशी मॅचवर शंभराची पैज लावणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११ व्या वर्गीकरणात जुगाराचा विकार ‘व्यसनी वर्तनातून होणारे विकार’ या गटात आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. खेळण्यावर ताबा राहत नाही. खेळ बाकी सगळ्या गोष्टींच्या पुढे जातो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९८० मध्ये जुगाराच्या आजाराचा प्रथम आपल्या यादीत समावेश केला. तेव्हा तो ‘आवेगावर ताबा नसण्याच्या’ विकारांमध्ये होता. २०१३ मध्ये त्याला तिथून हलवून दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांच्या शेजारी बसवलं गेलं. ज्यात कोणताही पदार्थ शरीरात जात नाही, असं व्यसन त्या गटात पहिल्यांदाच आलं.

त्या यादीत नऊ लक्षणं आहेत. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवत नेणं, खेळ कमी केला की चिडचिड होणं, सोडायचा प्रयत्न वारंवार फसणं, डोक्यात सतत तोच विचार, मन खराब असताना खेळाकडे वळणं, हरलेले पैसे वसूल करायला परत जाणं, किती खेळतो हे लपवायला खोटं बोलणं, त्यापायी नातं, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात येणं आणि शेवटी पैशांसाठी दुसऱ्यांपुढे हात पसरणं. वर्षभरात यातली चार किंवा अधिक दिसली तर निदानाचा विचार होतो. पण हे निदान डॉक्टरांनी करायचं असतं. यादी वाचून घरच्या घरी शिक्का मारायचा नसतो.

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे नक्की काय?

तापट असणं, हट्टी असणं, एकलकोंडं असणं म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार नाही. स्वतःकडे पाहण्याची आणि इतरांशी वागण्याची पद्धत दीर्घकाळ इतकी ताठर किंवा अस्थिर राहते की माणसाची नाती, काम आणि स्वतःचं मन सगळ्यालाच त्रास होतो, तेव्हा डॉक्टर हा शब्द वापरतात. हा त्रास एकाच ठिकाणी दिसत नाही. घरी, मित्रांत, कामावर, सगळीकडे तो सारखाच डोकावतो.

जुगाराच्या संदर्भात दोन प्रकारांची चर्चा जास्त होते. एक बॉर्डरलाइन. यात भावना टोकाच्या असतात, सोडून दिलं जाण्याची भीती सतत असते, क्षणात निर्णय घेतले जातात आणि स्वतःला इजा करण्याचा धोका असतो. दुसरा समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार. यात इतरांच्या हक्कांची पर्वा नसते, फसवणूक आणि बेजबाबदारपणा वारंवार दिसतो आणि पश्चात्ताप फारसा होत नाही.

वयाची अट इथे फार मोलाची आहे. समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान १८ वर्षांच्या आत करताच येत नाही. शिवाय वर्तनाच्या गंभीर तक्रारी १५ वर्षांच्या आधीपासून होत्या, हेही दिसावं लागतं. म्हणजे बारावीतल्या मुलानं आईच्या खात्यातून पैसे काढले, एवढ्यावरून त्याच्यावर असा शिक्का बसू शकत नाही.

दोन्हींचा संबंध किती घट्ट?

अमेरिकेत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ४३ हजारांहून अधिक प्रौढांचं एक मोठं सर्वेक्षण झालं. त्यावरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधीतरी जुगाराचा गंभीर आजार झालेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांमध्ये कोणता ना कोणता व्यक्तिमत्त्व विकार आढळला. सुमारे ७३ टक्क्यांना दारूचा विकार होता, जवळपास निम्म्यांना नैराश्यासारखा मनःस्थितीचा विकार, तर ४१ टक्क्यांना चिंतेचा.

६१ हा आकडा पाहून ‘बघा, स्वभावच’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्याच अभ्यासातले बाकीचे आकडे सांगतात की जुगाराचा आजार एकटा येत नाही. त्याच्यासोबत दारू असते, उदासी असते, भीती असते. आणि एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून कोणती गोष्ट आधी आली, हे ठरवता येत नाही.

त्यासाठी माणसांना लहानपणापासून मोठं होईपर्यंत पाहावं लागतं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात ते झालं आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा तिथे अनेक दशकं पाठपुरावा झाला. तीन वर्षांची असताना जी मुलं फार अस्वस्थ, उतावीळ आणि भावनांवर ताबा नसलेली होती, त्यांच्यात २१ आणि ३२ व्या वर्षी जुगाराच्या समस्येचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं. २०१२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

म्हणजे स्वभावाचा वाटा आहे. पण दुप्पट धोका म्हणजे नशिबात लिहिलेलं नव्हे. त्या उतावीळ मुलांपैकीही बहुतेक जण जुगारी झाले नाहीत.

मग खोटं बोलणं, चोरी हे काय?

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते. जुगाराच्या आजाराची नऊ लक्षणं पुन्हा पाहा. लपवाछपवी आणि खोटं बोलणं हे स्वतंत्र लक्षण म्हणून त्यात आहे. दुसऱ्यांकडून पैसे उचलणंही आहे. २०१३ पूर्वीच्या यादीत तर जुगारासाठी केलेले गुन्हे हेही एक लक्षण होतं. ते पुढे काढून टाकण्यात आलं. आता हीच वागणूक समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकाराच्या यादीशेजारी ठेवली तर दोन्ही बरीच सारखी दिसतात.

त्यामुळे तज्ज्ञ एक साधा प्रश्न विचारतात : हे आधीपासून होतं का? जुगार सुरू होण्याआधी मुलगा कसा होता, शाळेत कसा होता, भावंडांशी कसा वागायचा? पैशांचा विषय सोडला तर इतर बाबतीतही तो खोटं बोलतो का? खेळ थांबून काही महिने झाले की वागणं बदलतं का? खोटेपणा खेळाबरोबर आला आणि खेळाबरोबर ओसरला, तर तो आजाराचा भाग असण्याची शक्यता जास्त. लहानपणापासून सगळ्याच नात्यांत तो दिसत असेल, तर आणखी खोलात जावं लागतं.

आणखी दोन शक्यता तपासाव्या लागतात. बायपोलर आजारात तेजीच्या काळात माणूस बेफाम पैसे उधळतो. जुगार फक्त त्याच काळापुरता असेल तर निदान वेगळं होतं. लक्ष एकाग्र न होण्याचा, अतिचंचलतेचा विकारही उतावळेपणा वाढवतो. यातलं काहीच न तपासता ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलं, तर औषधानं आटोक्यात येऊ शकणारा आजारही तसाच राहतो.

एका व्यसनाकडे जाणारे तीन रस्ते

२००२ मध्ये अ‍ॅलेक्स ब्लाश्चिन्स्की आणि लिया नॉवर या संशोधकांनी एक मांडणी केली. ती आजही वापरली जाते. जुगारात अडकलेले सगळे एकसारखे नसतात, ते तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी तिथे पोहोचतात, असं ती सांगते.

पहिल्या रस्त्यावरची मुलं आधी अगदी सर्वसाधारण असतात. मित्रांनी ॲप दाखवलं, सुरुवातीला दोन-चारशे मिळाले, मग हरले, मग वसुलीच्या नादात आत ओढले गेले. त्यांची उदासी आणि चिंता बरेचदा जुगाराचा परिणाम असते, कारण नसते.

दुसऱ्या रस्त्यावरच्यांच्या मनात आधीपासून काहीतरी दुखत असतं. लहानपणचा आघात, नैराश्य, एकटेपणा. त्यांना खेळताना जिंकण्यापेक्षाही काही वेळ सगळं विसरल्याचा आराम मिळतो. बॉर्डरलाइनसारख्या त्रासाची माणसं या गटात सापडू शकतात.

तिसऱ्या रस्त्यावर उतावळेपणा जास्त असतो आणि समाजविरोधी वागण्याकडे कलही. जुगाराबरोबर नशा, मारामाऱ्या, इतर धोकेही दिसतात. ‘स्वभावच तसा’ हे वाक्य लागू झालंच तर फार तर या गटाला होईल. पण ते तिन्ही गटांना सरसकट चिकटवलं जातं.

तरुणच जास्त का सापडतात?

धोका ओळखून हात आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत राहतो. बक्षिसाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र किशोरवयातच जोरात असते. ब्रेक अजून बसायचाय आणि गाडी पळायला लागली आहे, असा हा काळ.

त्यात खेळाची रचना भर घालते. बक्षीस केव्हा मिळेल ते ठरलेलं नसेल, तर ती सवय सर्वांत चिवट असते, हे वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून जुनंच सिद्ध झालं आहे. ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटलं की मेंदूतले जिंकण्याशी जोडलेले भाग हरल्यावरही जागे होतात.

मुंबईच्या मटक्याशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. मटक्यात ओपन आणि क्लोजची वाट पाहावी लागायची. आकडा लावायला कुणाकडे तरी जावं लागायचं. मधल्या वेळात डोकं थंड व्हायला जागा होती. फोनवरच्या खेळात दर मिनिटाला नवा डाव, यूपीआयनं क्षणात पैसे, वर साइन-अप बोनस. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली सगळं चालतं आणि घरच्यांना सुगावा लागेपर्यंत कर्ज उभं राहिलेलं असतं.

लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉटसारखे खेळ खेळणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे १५.८ टक्क्यांना जुगाराचा विकार असू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. किशोरवयीन खेळाडूंमध्ये हाच आकडा २६.४ टक्के आहे. खेळांवरच्या सट्ट्यात प्रौढांसाठी ८.९ आणि किशोरांसाठी १६.३ टक्के. खेळ बदलला की धोक्याचं प्रमाण बदलतं. सगळा दोष स्वभावाचा असता तर खेळानुसार एवढा फरक पडण्याचं कारण नव्हतं.

‘स्किल गेम’ या शब्दानं काय केलं?

१८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि मुंबई प्रांताचा १८८७ चा कायदा, दोन्ही जुगाराचे अड्डे बंद करण्यासाठी होते. कौशल्याच्या खेळांना त्यात सूट होती. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, असं म्हटलं. या आधारावर पुढे ऑनलाइन रमी आणि फँटसी क्रिकेट वाढलं. पडद्यावरचे हिरो आणि क्रिकेटपटू जाहिरातीत आले.

कायद्याच्या दृष्टीनं हा वाद महत्त्वाचा होता. मनाच्या दृष्टीनं ‘स्किल’ हा शब्दच घातक ठरू शकतो. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की नशिबाच्या गोष्टीतही आपला ताबा आहे, असं माणसाला सहज वाटू लागतं. नशिबावर हरलेला थांबू शकतो. ‘आपलं कौशल्य थोडं कमी पडलं’ असं वाटणारा पुन्हा बसतो.

उपचार काय आहेत?

विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही समुपदेशन पद्धत जुगाराच्या आजारात सर्वांत जास्त वापरली जाते. ‘आता तरी लागेलच’ यासारखे विचार ओळखायचे, खेळावंसं वाटण्याच्या वेळा शोधायच्या आणि त्या वेळी काय करायचं ते ठरवायचं. ओढ कमी करण्यासाठी काही रुग्णांना डॉक्टर नालट्रेक्सोनसारखं औषधही देतात.

पहिल्या रस्त्यावरच्या मुलाला एवढं पुरू शकतं. दुसऱ्या रस्त्यावरच्याचं नैराश्य किंवा जुना आघात तसाच ठेवून फक्त ॲप काढून टाकलं, तर तो दुसरा आधार शोधेल. बॉर्डरलाइन त्रासासाठी मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी ही वेगळी पद्धत आहे. तिच्यात टोकाच्या भावना सहन करण्याचं शिक्षण असतं. व्यक्तिमत्त्व विकार बरा होत नाही, हा समज जुना झाला आहे. उपचारानं अनेकांचं आयुष्य स्थिरावतं.

बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून ‘शट’ हे खास क्लिनिक आहे. बाकी ठिकाणी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाता येतं. व्यसनमुक्ती केंद्रात जाताना तिथे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, हे विचारून घ्यावं.

घरच्यांनी काय करावं?

घरात कळल्यावर साधारण दोन गोष्टी होतात. आधी मारहाण किंवा अपमान, मग ‘शेवटचं’ म्हणून सगळं कर्ज फेडणं. दोन्हींतून आजार हलत नाही. अपमानानं मुलगा आणखी लपवायला शिकतो. गुपचूप फेडलेल्या कर्जानं पुढच्या डावाला जागा होते.

त्यापेक्षा किती आणि कुणाचं देणं आहे, याची यादी त्याच्यासोबत बसून करावी. काही काळ त्याच्या संमतीनं पैशांचे व्यवहार घरातल्या एकानं पाहावेत, यूपीआयची मर्यादा कमी करावी, कर्ज देणारी ॲप काढावीत. परतफेड उपचाराबरोबर, टप्प्याटप्प्यानं ठरवावी.

आणि एका धोक्याकडे दुर्लक्ष नको. स्वीडनमध्ये रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुगाराच्या विकाराचं निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सामान्य लोकांच्या सुमारे १५ पट आढळलं. कर्ज उघड होण्याचा दिवस बहुतेकदा सर्वांत नाजूक असतो. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘आता काही उरलं नाही’ असं मुलगा किंवा मुलगी म्हणत असेल तर त्यांना एकटं सोडू नका. जिवाबद्दल बोललात म्हणून तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलल्यानं मन मोकळं होतं. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बंदीनंतर काय?

इतर देशांनी वेगळे मार्ग धरले आहेत. ब्रिटननं २०२० मध्ये क्रेडिट कार्डवर जुगार खेळायला मनाई केली. २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटवर एका डावाची मर्यादा आणली, २५ वर्षांवरील लोकांसाठी पाच पौंड आणि १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंड. सज्ञान असले तरी तरुणांचा धोका वेगळा, हे तिथल्या नियमानं मान्य केलं. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून ‘बेटस्टॉप’ या नोंदवहीत स्वतःचं नाव घातलं की परवानाधारक ऑनलाइन कंपन्या त्या माणसाला खेळू देऊ शकत नाहीत.

भारतानं सरसकट बंदीचा रस्ता निवडला. पहिल्या रस्त्यानं येणाऱ्या, जाहिरात पाहून सहज ॲप उघडणाऱ्या मुलांना तो नक्की वाचवू शकतो. पण परदेशातून चालणाऱ्या बेकायदा साइट्स नाव बदलून परत येतात. आणि ज्याला झटपट जिंकण्याची ओढ लागली आहे, त्याच्यासमोर कायदेशीर पर्यायही आहेत. शेअर बाजारातले फ्युचर्स आणि ऑप्शन्स म्हणजे कायद्यानं जुगार नाही. पण सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त होता. त्यात तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

नव्या कायद्यानं खेळणाऱ्याला गुन्हेगार मानलं नाही, ही चांगली सुरुवात आहे. पण गुन्हेगार नसलेल्या या माणसाला रुग्ण म्हणून जायला तालुक्याच्या ठिकाणी दार कुठे आहे, हा प्रश्न कायद्यानं सुटलेला नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत जुगाराच्या आजाराचे उपचार, महाविद्यालयांत समुपदेशक आणि कर्जात बुडालेल्या तरुणांसाठी सल्ला, या तीन गोष्टी नसतील तर बंदीनंतरही घराघरांत तेच वाक्य ऐकू येत राहील. आणि ‘स्वभावच तसा’ म्हटलेलं मूल डॉक्टरपर्यंत पोहोचणार नाही.